नवी चप्पल चावते

सुभाषनगरात व्हटकरांच्या दारात
पिंपात भिजत पडलेल्या कातड्याचा वास,
आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन विचारते,
"काका, पानाला नाव काय देऊ?"
सध्या तिथं नुसतं 'मुख्यपृष्ठ' आहे.
जगात अशी लाखो मुख्यपृष्ठं,
बिनपाटीची दुकानं, शटर अर्धं उघडं.

बळवंतकाका आरी थांबवत नाहीत.
"लिव. श्री अंबाबाई प्रसन्न.
मग व्हटकर आणि सन्स. मग स्थापना, साल घाल.
मग अस्सल पायताणाचं एकमेव माहेर,
आमची कोठेही शाखा नाही."
मी मोजते. साठाच्या आसपास पट्टी संपते.
पुढं तीन ठिपके.
देवी राहिली, साल राहिलं,
पायताण ठिपक्यांत गेलं.

माझे वडील गंगावेशीत बोर्ड रंगवायचे.
खडूच्या दोरीनं आधी रेघ,
मधलं अक्षर आधी, मग दोन्ही अंगांना.
एकदाच चुकले, एका गिरणीच्या पाटीवर
'प्रोप्रायटर' मावेना
तेव्हा ट कडेला चिकटून उभा
आणि र खाली लोंबकळता.
"धावत्या रिक्षातनं वाचता आलं पाहिजे,"
म्हणायचे, "थांबून वाचणारा
आधीच गिऱ्हाईक झालेला असतो."

"काका, पायताण नको. लोक चप्पल लिहितात."
आरी थांबली.
"कोण लोक?"
पुण्याचे, नागपूरचे,
कुठल्या कुठल्या बर्फातले.
"कापशी म्हटलं तर कळंल?"
नाही कळणार.
"कान? पट्टी?"
मी गप्प.
त्यांनी तळावर हातोडी
जरा जास्तच जोरात मारली.

'सर्वात स्वस्त' असं मी सुचवून पाहिलं,
दोन शब्द, भरपूर शोधले जाणारे.
"ते रेक्झिनवाल्याच्या दारात लाव जा."

आत मालनकाकू वेणी गुंफत होत्या,
कातड्याची, सुतासारखी बारीक,
एक टोक दातात धरून.
टोक सोडून बोलल्या,
"लोक विचारत्यात तरी काय त्या फोनला?"
मी पडदा त्यांच्याकडं वळवला.
शेकड्यांनी तीच ओळ, शुद्ध, अशुद्ध,
कुणी ळ चुकवलेली, कुणी घाईत अर्धी सोडलेली:
नवी कोल्हापुरी चप्पल चावते काय करू

काकू हसल्या.
"चावणारच की. जनावर हुतं ते.
कानाला आतनं खोबऱ्याचं तेल लावा, बोटभर,
रातभर ठेवा उताणी.
पयले चार दिस घरातच हिंडा."

मी ते जसंच्या तसं टिपून घेतलं,
मग कापत गेले.
चार दिवस गेले, रात्र गेली.
जनावर कापताना हात अडला, तरी कापलं.
उरलं ते असं:

नवी कोल्हापुरी चप्पल चावते? तेल कुठं, किती लावायचं | व्हटकर

आडनाव अगदी काठावर आलंय.
रुंद पडद्यावर पुरतं दिसेल,
फोनवर कदाचित व्ह पाशीच तुटेल.
आणि पायताण आतल्या पहिल्या ओळीत ठेवलं,
पाहुणा उंबऱ्याच्या आत आल्यावर
घरातलं नाव सांगावं तसं.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. दोनदा.
"ह्यात इकायचं कुठं हाय?"
"नाही, काका."
"मग?"
मला नीट सांगता आलं नाही.
वडील असते तर म्हणाले असते, रेघ सरळ आहे ना, झालं.
काका बघत राहिले, मग म्हणाले,
"तेलाचं तर हिनं सांगितलं. आन् नाव माझं व्हय?"
"माझं नगं," आतनं आवाज आला,
"जागा कमी हाय म्हणतीया न्हवं ती पोरगी."

निघताना उंबऱ्यातच
माझी नवी जोड अंगठ्यापाशी लागली.
मी काही बोलले नाही.
काकूंनी मान वर न करता
तेलाची बाटली पायानं पुढं सरकवली.